भिंतीकडे तोंड करून

मी पाय बनवते. कुणी विचारलं की एवढंच सांगते आणि गप्प बसते, कारण पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो, मग स्वतःच्या, आणि मग विषय बदलतो.

आमचं वर्कशॉप म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक खोली. एका टोकाला प्लास्टरचं टेबल, ते माझं. मध्ये भट्टी, जिच्यात प्लॅस्टिकचा पत्रा मऊ करून साच्यावर चढवतात. ती सांभाळणाऱ्याला आम्ही भट्टीवालाच म्हणतो, पण स्वभावाने तो अगदी थंडगार आहे. दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी शिलाई मशीन. तिथे शिवणमावशी बसतात. नवा पाय मांडीला बांधायचे पट्टे आणि आतली चामड्याची गादी, हे सगळं त्यांच्या हातचं. आणि एका बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडे दांडे लावलेली एक अरुंद वाट आहे. नवा पाय घातलेला माणूस पहिल्यांदा तिथे चालतो.

मला सगळे मोजपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर नाव मला आवडतं. डिप्लोमा असलेली त्या खोलीत मी एकटीच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि दोन मिलिमीटरची चूक दिसली तरी तो तिथून खाली उतरतो. चौदा वर्षांत माझ्या हातचे पाय फारसे परत आले नाहीत. लोक म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

त्या खोलीत एक रीत होती. नवा माणूस दांड्यांमध्ये उभा राहिला की भट्टीवाला पंखा बंद करायचा, मावशींचं मशीन थांबायचं, आणि सगळे जण भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ही सुरुवात मावशींनी केली, मी नोकरीला लागण्याच्याही आधी. कुणी एक बाई पाय घालून उभी राहिली आणि एवढी माणसं बघताहेत म्हणून तिला रडू फुटलं. मावशींनी आपलं स्टूल भिंतीकडे फिरवलं. त्यांचं बघून बाकीचे वळले. तेव्हापासून ते चालूच राहिलं.

बरं, नुसतं वळणं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण मावशी तशा पाठमोऱ्या बसल्या बसल्याच सांगायच्या, "डावा जरा लांब झालाय का हो ताई?" मी मोजायची, तर चार मिलिमीटर लांब असायचा. "यांचा तळवा बाहेर बघतोय," म्हणायच्या, तर तो बघत असायचा. शाळा सातवीपर्यंत, हातात चामडं शिवायची सुई, आणि माझ्या पायांच्या चुका काढायच्या, त्याही भिंतीकडे बघून! माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी त्या चुका दुरुस्त करायची, पण "बरं झालं सांगितलंत" असं त्यांना कधी म्हटलं नाही. आणि मी एकदाही भिंतीकडे वळले नाही. "मी वळले तर चूक कोण बघणार?" असं मी एकदा भट्टीवाल्याला ठणकावलं होतं. तो भट्टीत पुढचा पत्रा सरकवायला निघून गेला.

दुसरी गोष्ट मावशींच्या तोंडाची. मी प्लास्टरचं माप घ्यायला बसले की ही बाई स्टूल ओढत माझ्या टेबलापाशी यायची आणि रुग्णाशी गप्पा मारायला लागायची. कसल्या गप्पा? त्यांच्या दिराने एकदा कपाट विकत घेतलं, ते दारातून आत जाईना, मग दिराने दाराची चौकट कापली, आणि मग कळलं की कपाट उभं करायला छतच पुरत नाही. ही एकच गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेन. दर वेळी कपाटाची उंची वाढायची. मी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून बसलेली असायची, दोन्ही अंगठे गुडघ्याखाली दाबून धरलेले, आणि वर यांचं पुराण चालू. "मावशी, तुमचे पट्टे झाले का?" असं मी विचारायची. "होतायत हो," म्हणून त्या चौकटीवर करवत चालवायला पुढे निघायच्या.

आणि मग दादाचा पाय गेला.

दादा माझा मोठा भाऊ, पाण्याचे मीटर वाचणारा. सव्वीस वर्षं एकाच भागातल्या गल्ल्या, जिने आणि मागची अंगणं त्याने पायाखाली घातली. कुठल्या घरात मीटर पायरीखाली आहे आणि कुठल्या घरातली म्हातारी दार उघडायला वेळ लावते, हे त्याला तोंडपाठ. मला डिप्लोमाच्या वर्गाला सोडायला तोच यायचा, कारण मी कुत्र्यांना घाबरायची. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला, आणि मग त्याची फेरी. एका अरुंद गल्लीत उलट मागे येणाऱ्या टेम्पोच्या चाकाखाली त्याचा उजवा पाय सापडला. गुडघ्याखाली एक वीत राखता आला.

त्याच्या खात्याने सांगितलं, तीन महिन्यांत फेरीवर हजर व्हा, नाहीतर कार्यालयात खुर्चीवर बसा. साहेबांना यात दयाळूपणाच वाटत होता. दादा मला म्हणाला, "खुर्चीवर बसवलं ना मला, तर मी संपलो बघ." तो नाटकी माणूस नाही. त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

हा पाय मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाय बनवणार होते. माप घ्यायच्या दिवशी मी पंखा बंद केला, दार लावून घेतलं, आणि मावशी स्टूल उचलायला लागल्या तेव्हा म्हटलं, "आज नको. आज मला शांतता हवीय." त्यांनी स्टूल खाली ठेवलं. "बरं," म्हणाल्या आणि खिडकीपाशी गेल्या. मी दादाला बजावलं, "अजिबात हलायचं नाही." तो हलला नाही. इतका स्थिर रुग्ण मला आजवर मिळाला नव्हता. मी खूश झाले. साचा असा निघाला की एक सुरकुती शोधून सापडू नये.

पाय तयार झाला. दादा दांड्यांमध्ये उभा राहिला, सगळे वळले, मी तेवढी डोळ्यात तेल घालून बघत होते. फरशीवर पावडर टाकली होती, तिच्यावरचे ठसे मी मोजले. डावं पाऊल आणि उजवं पाऊल, अंतर सारखं. खांदे सरळ. "कसं वाटतंय?" मी विचारलं. "एकदम छान," दादा म्हणाला. मावशी काहीतरी बोलायला वळल्या होत्या, पण मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या.

महिनाभर मी दर रविवारी दादाकडे जायची. तो दारात पाय घालून उभा असायचा, माझ्यासमोर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारून दाखवायचा, आणि मी समाधानाने घरी यायची. मग एका बुधवारी दुपारी, जवळच काम होतं म्हणून, न सांगता गेले. दादा भिंतीला धरून एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरातून येत होता. मी बनवलेला पाय दारामागे उभा होता. त्याला मोजा घातलेला होता, नीट ओढून.

"सवय व्हायचीय अजून," दादा घाईघाईने म्हणाला. मी त्याला पाय घालून दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग तो काढून त्याचा उरलेला पाय तपासला. सगळीकडे सारखाच लालसर होता, नव्या पायाने सगळ्यांचाच होतो. कुठे टोचतं का? नाही. कुठे दुखतं का? छे. तो तोंड धुवायला आत गेला तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली.

"वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते. तुम्ही यायच्या आधी दहा मिनिटं घालतात, आणि तुम्ही कोपऱ्यावर वळलात की काढतात. मी म्हटलं, सांगा ना तिला. तर म्हणाले, तिने जीव ओतून केलाय, तिला वाईट वाटेल." तिचे डोळे भरून आले होते. "पुढच्या शुक्रवारी हजर व्हायचंय. नऊ दिवस राहिलेत."

 परत येताना मी रस्त्यात एका फळवाल्याशी विनाकारण भांडले, ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी दादाला वर्कशॉपमध्ये बोलावलं. पुन्हा पावडर, पुन्हा ठसे, पुन्हा मोजणं. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिसऱ्यांदा मोजायला खाली वाकले तेव्हा मावशी मशीनपाशी बसूनच म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकदा भिंतीकडे बघा ना."

"मी नाही बघितलं तर कोण बघणार, मावशी?"

"तुम्ही बघताय म्हणून ते नीट चालतायत." त्यांनी सुई चामड्यात खोचून ठेवली. "तुमच्यासाठी चालतायत ते. तुम्ही बघू नका, मग स्वतःसाठी चालतील."

मला खोलीतल्या सगळ्यांसमोर ओरडायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण दादाच्या घरातला, दारामागचा तो पाय डोळ्यांसमोर आला, मोजा घातलेला, आणि ओरडायचं बळच राहिलं नाही. मी उठले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मावशींच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आधी काहीच कळेना. नाकासमोर रंगाचा एक पोपडा सुटलेला होता, तोच दिसत होता. मागे दादा चालायला लागला. एक पाऊल, दुसरं पाऊल. मावशी आता काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.  तो टोकाला जाऊन वळला. आणि मग, मला कुणी शिकवलेलं नसताना, मी ऐकायला लागले.

डावं पाऊल घाईने पडत होतं. उजव्या पायावर तो उभाच राहत नव्हता, निखाऱ्यावर पडल्यासारखा तिथून निसटत होता. आणि उजवं पाऊल टाकण्याआधी खोलीत एक बारीकशी पोकळी यायची. दादा श्वास धरत होता. प्रत्येक पावलाआधी श्वास धरून, दात आवळून, मग टाकत होता. ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. एवढे दिवस मी त्याच्याकडे बघत होते आणि त्याचा श्वास मला ऐकू आला नव्हता.

"दादा, थांब," मी भिंतीकडेच बघत म्हटलं. "तू श्वास धरतोयस."

तो थांबला.  "हो," तो म्हणाला. "सगळीकडून आवळतो गं. नुसता उभा राहिलो तरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकं मनापासून केलंस."

मी वळून त्याच्याजवळ गेले. मी बनवलेला पाय काढला, त्याचा उरलेला पाय हातात धरला, आणि त्याच्या पोटरीत मला तो ताण लागला. माझा हात लागताच ती आवळली. मला माप घ्यायचा दिवस आठवला. मी हलू नको म्हटलं होतं, म्हणून माझ्या भावाने श्वास रोखून, पाय दगडासारखा करून अर्धा तास धरला होता. मी त्या आवळलेल्या पायाचा साचा काढला, आणि मुलखाचा सुबक काढला. आता सैल पाय त्यात घातला की तो तिथे मावायचा कसा?

पण मग बाकीच्यांचे पाय? इतक्या वर्षांत कुणी आवळून धरला नव्हता? सगळ्यांनीच धरला असणार. ज्याचा पाय गेलाय तो माणूस परक्या बाईच्या हातात उरलेला पाय देतो, तो सैल कसा सोडेल? मी मावशींकडे बघितलं. त्या खाली वाकून दोऱ्याची गाठ मारत होत्या.

"मावशी," मी म्हटलं, "जरा स्टूल घेऊन या."

दादाला पुन्हा टेबलावर बसवलं. मी पाण्यात पट्ट्या भिजवल्या. दादाने लगेच जबडा आवळला. मावशी टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मीटर वाचता ना? मग तुम्हाला घरांची दारं ठाऊक असतील. माझ्या दिराने एकदा कपाट घेतलं."

दादा आधी नुसतं हूं हूं करत होता. चौकट कापायला करवत आली तेव्हा त्याने विचारलं, "खिडकी काढून तिथून नव्हतं का आत घेता येत?" मावशी म्हणाल्या, "काढली ना, तिसऱ्या दिवशी." ही खिडकी मी पहिल्यांदाच ऐकत होते. दादा हसला. पोटातून, मान मागे टाकून हसला, आणि त्याच क्षणी त्याचा पाय माझ्या तळहातांत जड झाला. पूर्ण वजन त्याने माझ्यावर सोडून दिलं. त्याला ते कळलंही नाही.

ते जडपण माझ्या ओळखीचं होतं. शेकडो वेळा ते माझ्या हातांनी झेललं होतं. तेव्हा मला वाटायचं, हे माझ्या बोटांमुळे होतं, माझा हात लागला की माणूस निवांत होतो. मी डिप्लोमा भिंतीवर लावला होता, आणि चौदा वर्षं ही बाई आपलं काम सोडून, रोज, न चुकता, माझ्या शेजारी येऊन माणसं सैल करून माझ्या हातात देत होती. एकदाही म्हणाली नाही की हे मी करते. मी तिला पट्टे झाले का विचारत होते. प्लास्टर ओलं होतं, म्हणून मी पुढची पट्टी गुंडाळत राहिले. देवळात गेल्यावर मला कधी वाटलं नाही, ते त्या प्लास्टरच्या चिखलाने भरलेल्या टेबलापाशी वाटलं.

साचा निघाला. आधीच्यापेक्षा ओबडधोबड दिसत होता. दादा हात धुवायला गेला तेव्हा मी मावशींना म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम करता का?"

"काय?"

"या गप्पा. पाय सैल व्हावा म्हणून."

त्यांनी खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघितलं. "पायाचं मला काय कळतं ताई? माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाशी काहीतरी बोलावं ना कुणीतरी."

मला आभार मानायचे होते. घरून वाक्य जुळवून आणल्यासारखं मी म्हणाले, "मावशी, माझे सगळे पाय अर्धे तुमचे आहेत." त्या हसल्या. "काहीतरीच तुमचं," म्हणून मशीनकडे वळल्या. देणाऱ्यालाच दिल्याचं ठाऊक नसेल तर परत काय करायचं असतं, ते मला आजही कळलेलं नाही. मग मी आणखी एक विचारलं. "दादाचा श्वास तुम्हाला आधीच ऐकू आला होता ना? बोलला का नाहीत?"

"श्वास?" त्या म्हणाल्या. "मला पावलं ऐकू येतात हो. काहीतरी खुपतंय एवढं कळत होतं. श्वास तुम्हालाच ऐकू आला."

नवा पाय बुधवारी तयार झाला. भट्टीवाला दोन दिवस जेवणाची सुट्टी न घेता राबला होता, आणि तेही मी सांगितलेलं नव्हतं. वहिनी दाराशी बाकावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला मी रीत सांगितली. तीही उठली आणि भिंतीकडे वळली.

पंखा बंद झाला. मशीन थांबलं. मी मावशींच्या शेजारी उभी होते. परवा शुक्रवार होता, आणि हा पाय चुकला तर तिसरा करायला वेळ नव्हता.

दादाने पहिलं पाऊल टाकलं. मी त्याच्या श्वासाची वाट बघितली. तो सहज येत होता, जात होता, चालणाऱ्या माणसाचा जसा असतो तसा. टोकाला गेला, वळला, परत आला. पुन्हा गेला. दांड्यांवर त्याच्या हातांचा आवाज होत होता, तो थांबला. त्याने हात सोडले होते. वहिनीच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, पण ती वळली नाही. कुणीच वळलं नाही.

मग वाट संपली तरी दादा थांबला नाही. दार उघडल्याचा आवाज आला. तो व्हरांड्यात गेला. तिथली फरशी वेगळी आहे, तिथे पावलं जास्त वाजतात. मी डोळे मिटले आणि त्यांतला माझा पाय शोधायला लागले, मी केलेला, प्लॅस्टिकचा आणि चामड्याचा. एक पाऊल, मग दुसरं. पुन्हा एक, पुन्हा दुसरं. पायऱ्या आल्या. तो उतरायला लागला.

"मावशी," मी भिंतीलाच म्हटलं, "यातलं उजवं कुठलं?"

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ लागलेला पाहिला नव्हता.

"मलाही नाही कळत हो ताई," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो, तो शेवटची पायरी उतरून रस्त्याला लागेपर्यंत.